स्टाईल सापडेपर्यंत विनोद थांबलाय

गव्हाण, वहाळ, जासई, न्हावे आणि शेजारचे उलव्याचे टॉवर, नवी मुंबईच्या एवढ्या पट्ट्यात वेबकॉमिक काढू पाहणाऱ्या पोरापोरींना आता तोटा नाही. हातात पेन टॅब्लेट आहे, कुणाकडे आयपॅड आहे. इन्स्टाग्रामवर पान उघडून झालंय, नाव ठरलंय, लोगो तर तीनदा बदलून झालाय. राहिलंय ते फक्त कॉमिक. का राहिलं म्हणून विचारा, उत्तर एकच येतं: ‘अजून माझी स्टाईल सापडली नाही.’

सुरुवातीला मला या उत्तराचं कौतुक वाटायचं. आता डोक्यात तिडीक जाते. यांची स्टाईल कुठे हरवलेली नाही. कुणावर हसायचं हे ठरवायला छाती लागते. ती नसली की माणूस रेषेची जाडी ठरवत बसतो, ब्रश बदलत बसतो, डोळे ठिपक्यांचे काढावेत की गोल यावर महिना घालवतो. जाळं विणत राहायचं आणि खाडीत उतरायचं नाव नाही, असला हा धंदा. वर त्याला साधना म्हणायचं!

या भीतीवर पोट भरणारी जमात वेगळीच आहे. ठरावीक दिवसांत तुमची शैली शोधून देतो, असं सांगून ऑनलाइन वर्ग विकणारे. स्वतःचं एक कॉमिक वर्षभर न चालवलेला माणूस दुसऱ्याला शैली शिकवतो आणि दुसरा त्याचे पैसे भरतो. मग २०२५ च्या मार्चमध्ये एआयने काढलेल्या घिबली छापाच्या चित्रांची लाट आली आणि या शोधाची पुरती अब्रू गेली. फोटो टाका, जपानी पद्धतीचं गोडगोड चित्र काढून घ्या. लोकांनी लग्नाचे फोटो टाकले, साखरपुड्याचे टाकले, मांजरांचे टाकले. घिबलीवाल्या हायाओ मियाझाकीचा जन्म ज्यात गेला ते दृश्य क्षणात हजर, आणि चित्रात सांगण्यासारखं काही नाही. आठवड्याभरात पाहणाऱ्यांना कंटाळा आला. एवढं बघूनही आमची मंडळी परत ब्रशांची यादी उघडून बसली, हे विशेष.

जरा मागे जाऊ. आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाने प्रवेश नाकारला होता. चित्रकलेला लागणारी गुणवत्ता त्यांच्यात दिसत नाही, असा निकाल होता. हा किस्सा आपल्याकडे प्रेरणेचं चॉकलेट म्हणून वाटला जातो. मला तो सांगायचा नाही. मला सांगायचाय तो ‘कॉमन मॅन’ कसा घडला तो भाग. देशभरातला सामान्य माणूस दाखवायचा म्हणून लक्ष्मण आधी घोळका काढत. बंगाली, मद्रासी, पंजाबी, प्रत्येकाचा वेश वेगळा. रोजच्या अंकाची वेळ गाठायची तर एवढी माणसं रंगवायला सवड कुठली? एकेक गळत गेला. शेवटी उरला धोतर आणि चौकटीच्या कोटातला, टकलाभोवती चार केस असलेला, तोंडातून शब्द न काढणारा एक म्हातारा. हिंदुस्थानातली सर्वांत ओळखीची व्यंगरेषा ही अशी, छापखान्याच्या घाईतून उरलेली आहे. कुणी ती शोधायला गेलं नव्हतं.

नक्कल करू नका, असा सल्ला देणारेही भेटतात. तोही बिनकामाचा. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे हे दोघेही एकेकाळी ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये होते आणि दोघांचाही देव एकच, व्यंगचित्रकार डेव्हिड लो. दोघांनी त्याच्या ब्रशाचा फटकारा गिरवला. एकाचा म्हातारा गप्प उभा राहिला, दुसऱ्याने १३ ऑगस्ट १९६० ला ‘मार्मिक’ काढलं आणि त्याच ब्रशाने लोकांना रस्त्यावर आणलं. गुरू एक, हत्यार एक, चित्रं मात्र एकाचं झाकून दुसऱ्याचं म्हणावं अशी नाहीत, कारण दोघांना राग वेगवेगळ्या गोष्टींचा होता. आपल्याला कशाचा राग येतो हे ज्याला माहीत नाही, त्याने लोची नक्कल केली काय आणि कोरियन वेबटूनची केली काय, हाती येणार ते मोठ्या डोळ्यांचं बाहुलं.

मराठीत रोजची पट्टी नेटाने चालवून दाखवली ती ‘चिंटू’ने. २१ नोव्हेंबर १९९१ ला ‘सकाळ’मध्ये सुरू झाली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर. त्या पट्टीचे चाहते असतात तसे तिला मध्यमवर्गीय पुणेरी म्हणून नाक मुरडणारेही आहेत; मीही कधीमधी मुरडतो. पण तिची शिस्त बघा. रोज तीच मुलं, तोच पप्पू, तीच मिनी, तोच बगळ्या, त्याच जोशीकाकू. माणसं ठरली की अर्धा विनोद वाचकाच्या डोक्यात आधीच तयार असतो. सतीशदादा गिटार घेऊन दिसला की पुढे काय होणार याची वाचक वाट बघतो. पहिल्या आठवड्यात हे कसं होणार? आमचे नवे कलाकार पाच पोस्टनंतर पात्रं बदलतात. ‘लाइक येत नाहीत.’ अरे, लोकांना तुझ्या माणसाचं नाव तरी कळू दे!

विनोदाकडे येतो, कारण खरी नासाडी तिथे आहे.

मराठी हास्यचित्रांनी काही गोष्टींवर इतकी वर्षं काढली की त्यांना पेन्शन सुरू व्हायला हवी. लाटणं घेतलेली बायको. दारामागे लपलेला नवरा. निर्जन बेटावरचा एक माड आणि दोन माणसं. दिवाळी अंकांनी या तिघांवर पिढ्या पोसल्या. त्याच काळात शि. द. फडणीस एक शब्द न लिहिता हसवत होते, इतकं की बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांची चित्रं आली आणि पोरं गणिताचं पुस्तक आपण होऊन उघडू लागली. २०२५ च्या जुलैत त्यांनी शंभरी गाठली. वसंत सरवटे ‘एसीसी’त इंजिनिअरची नोकरी करून ‘ललित’मध्ये लेखकांची टोपी उडवत होते; त्यांनी हातात भलामोठा घण देऊन उभा केलेला सदरलेखक ठणठणपाळ पाहिला की पुढचा मजकूर कुणाला लागणार ते कळायचं. म्हणजे वाट होती. लाटण्याची वाट सोपी होती म्हणून गर्दी तिकडे गेली, एवढंच.

आता वेबकॉमिकवाल्यांना वाटतं आपण फार पुढे आलो. कुठे आलात? लाटणं गेलं आणि चप्पल आली. आई चप्पल फेकते, सोमवारी अंथरुणातून उठवत नाही, वायफाय गेलं की जीव जातो, डाएट उद्यापासून. हे सगळे विनोद दिल्लीत चालतात, मनिलात चालतात, टेक्सासातही चालतात, कारण ते कुठलेच नाहीत. गव्हाणातल्या पोराने काढलेल्या चित्रात खिडकीबाहेर बर्फ पडताना मी पाहिलाय. बर्फ! आमच्याकडे खिडकीबाहेर ट्रेलरची रांग असते.

आणि या भागात विनोदाला काय तोटा आहे? १९७० साली सिडको आली, पनवेल-उरणच्या आणि ठाण्याच्या मिळून पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी काढल्या. १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना पदरात पडली. आता यातला हिशेब बघा. जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळायचा. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापले जातात. हातात येतात पावणेनऊ. म्हणजे साडेबाराच्या नावाने आयुष्यभर भांडायचं आणि घ्यायचे पावणेनऊ, त्यातले भावाचे किती, आतेबहिणीचे किती, एजंटाचे किती, हे पुढे तीस वर्षं कोर्टात. चार पॅनेलांचं कॉमिक सरकारने स्वतः लिहून दिलंय, शेवटचं पॅनेलसुद्धा रिकामं सोडलेलं नाही. मी आजवर ते कुणी काढलेलं पाहिलं नाही.

शहर वाढलं, गावठाणाची हद्द तिथेच राहिली, पोरांची लग्नं झाली, खोल्या वाढल्या. मालक त्यांना गरजेपोटी बांधलेली घरं म्हणतो, कागद त्यांना अनधिकृत म्हणतो, आणि निवडणूक आली की दोन्ही बाजू त्याच घरात चहा पितात. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी उडवून सपाट केली, नदीचं पात्र वळवलं, दहा गावठाणं उठवली. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव मिळावं म्हणून २०२१ च्या जूनमध्ये मानवी साखळी झाली, सिडकोवर मोर्चा गेला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. शेजाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकावर चाळीस फोटो असतात आणि त्यात वाढदिवस कुणाचा ते शोधावं लागतं. यातलं काय काढायला तुम्हाला कोरियन ब्रश लागतो?

उत्तर मला माहीत आहे. ब्रश लागत नाही. पण फलकावरचा माणूस मामा असतो, एजंट चुलतभाऊ असतो आणि अनधिकृत मजला स्वतःचाच असतो. सोमवारच्या विनोदाने मामा रागावत नाही.

काही जण मात्र गावाकडे वळतात आणि त्याहून वाईट करतात. आगरी बोली हाच विनोद. एक जाड सोनसाखळी, एक दादूस, ‘गाडी’च्या जागी ‘गारी’, संपलं कॉमिक. बाहेरच्यांनी हे केलं की आपण भांडायला उठतो आणि आपलीच पोरं तेच रीलमधून उचलून चार चौकटींत भरतात. बोलीत विनोद सांगणं आणि बोलीलाच विनोद करून टाकणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या सिडकोच्या साहेबाबद्दल जे बोलतात ते ऐकून कुठलाही व्यंगचित्रकार वही काढेल. त्यांना आपली बोली गमतीची आहे हे ठाऊकच नाही, म्हणून तर ती इतकी लागते.

ज्यांना विषय माहीत असतो त्यांची रेषा कशी सुधारते याचं जवळचं उदाहरण नागपूरचं आहे. रोहन चक्रवर्ती दंतवैद्यक शिकलेला माणूस. २०१० पासून ‘ग्रीन ह्यूमर’ काढतोय. बेडूक, धनेश, वाघ, वटवाघूळ. त्याला प्राणी खरोखर माहीत आहेत, म्हणून त्याचा बेडूक कार्टूनमधला हिरवा गोळा न वाटता अमुक जातीचा बेडूक वाटतो आणि तरी हसवतो. उलट टोकाला बंगळुरूची रचिता तनेजा. ‘सॅनिटरी पॅनल्स’मध्ये काड्यांची माणसं. चित्रकलेच्या परीक्षेत तिला कुणी उत्तीर्ण केलं नसतं. पण सर्वोच्च न्यायालयावरच्या त्या काड्या इतक्या टोचल्या, की २०२० च्या डिसेंबरात अवमानाच्या कारवाईला महान्यायवाद्यांनी संमती दिली. स्टाईल सापडली नाही म्हणून ती थांबली असती, तर देशाचं बरंच सोयीचं झालं असतं.

रेषेबद्दल काहीच बोलायचं नाही असं नाही. बोलायचं तर कामाचं बोला. देवनागरी अक्षराला वर वेलांटी आणि खाली उकार असतो, त्यामुळे इंग्रजी मोठ्या अक्षरांसाठी बेतलेला संवादाचा फुगा मराठी वाक्याला पुरत नाही. ओळी एकमेकींत घुसतात. मग फॉन्ट लहान करतात आणि फोनवर ते वाचायला भिंग लागतं. उपाय सोपा आहे, वाक्य कापा. कापलं की विनोदही धारदार होतो, कारण निम्मे मराठी विनोद शेवटच्या शब्दानंतर स्पष्टीकरण दिल्यामुळे मरतात. स्वतःच्या हाताने अक्षर काढा. हाताच्या रेषेशेजारी छापील फॉन्ट परक्यासारखा बसतो. वर्तमानपत्रात चार चौकटी एका नजरेत दिसायच्या, डोळा चोरून शेवटच्या चौकटीत जायचा. फोनवर एका वेळी एकच चौकट दाखवता येते, पुढची बोटाने सरकवावी लागते. त्या सरकवण्यात जो श्वास आहे, तो लक्ष्मणांनाही मिळाला नव्हता. आमचे लोक त्याचं काय करतात? विनोद पहिल्याच चौकटीत सांगून टाकतात आणि उरलेल्या नऊ स्लाइडवर ‘फॉलो करा’.

लोक चिडतील, हे मला रोज ऐकवलं जातं. चिडतील की. असीम त्रिवेदीला व्यंगचित्रांवरून २०१२ साली याच मुंबईत अटक झाली होती, तेव्हा धोका मी हसण्यावारी नेत नाही. पण गव्हाणात बहुधा तसं काही होणार नाही. पावणेनऊ टक्क्यांचं तुमचं कॉमिक खालची सही कापून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरेल, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागेल आणि ते पहिल्यांदा टाकणारा तोच एजंट असेल, ज्याच्यावर तुम्ही ते काढलं होतं.