ऊस आमचा, कुलूप कोणाचे?

शेतकरी बांधवांनो, आम्ही खेड्यातले शाळामास्तर. पोरांना पाढे आणि त्रैराशिक शिकविणे हा आमचा धंदा. म्हणून साखरेच्या परदेशी विक्रीचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो. फळ्यावरचा हिशेब कोणाची भीड धरीत नाही.

2019-20 च्या हंगामात देशातली गोदामे साखरेने तुंबली होती आणि जगात भाव पडलेला होता. तेव्हा सरकारने कारखान्यांस सांगितले, 60 लाख टन साखर बाहेर धाडा, टनामागे 10,448 रुपये आम्ही देतो. पुढील हंगामात 6,000 रुपये ठरविले. असल्या मदतीबद्दल ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी 2019 सालीच जागतिक व्यापार संघटनेकडे फिर्याद नेली होती. 2021 साली निकाल आपल्याविरुद्ध लागला.

मग वारे फिरले. जगाचा भाव चढला आणि 2021-22 मध्ये खजिन्यातील दमडी न घेता सुमारे 110 लाख टन साखर परदेशी गेली. आजवर पांगुळगाड्यावर चाललेले पोर आपल्या पायांनी धावू लागले. आता तरी ऊसवाल्याचे दिवस पालटतील, असे आम्हांस वाटले. पण झाले काय? 1 जून 2022 पासून निर्यातीवर बंधन आले. 2022-23 ला सुमारे 60 लाख टनांवर हात आखडला आणि 2023-24 ला दार बंदच! त्याच 2023 साली जगाचा भाव बारा वर्षांत नव्हता इतका चढला होता. ब्राझीलची जहाजे भरभरून जात होती, आणि आम्ही आमच्याच दारात कुलपाकडे पाहत बसलो. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यासही आधी मनाई झाली, मग मोजके माप मिळाले. पुढचे दार बंद, मागचेही बंद!

जानेवारी 2025 मध्ये 10 लाख टनांची आणि नोव्हेंबरमध्ये 15 लाख टनांची परवानगी आली. तोवर जगाचा भाव उतरला होता. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

यावर उत्तर येते की, शहरातल्या गरिबाला साखर स्वस्त मिळावी. गरीब आमचाच भाऊ आहे. त्याच्या चहात साखर पडावी, असे आम्हांसही वाटते. त्याला ती रेशनवर द्या. पण बाजारातील निम्म्याहून अधिक साखर थंड पेये, मिठाई आणि बिस्किटे करणारे मोठे धंदेवाले घेतात. त्यांच्या नफ्यासाठी आमच्या पोरांच्या वह्यापुस्तकांवर टाच का?

कारखान्याचे म्हणणेही ऐका. साखरेची किमान विक्री किंमत 2019 साली किलोला 31 रुपये ठरली, ती 2024-25 चा हंगाम संपेपर्यंत हलली नाही. उसाचा भाव मात्र तेवढ्यात क्विंटलला 275 वरून 340 झाला. यात तथ्य आहे. पण भाव चढला होता तेव्हाचा पैसा कोठे गेला? एका सभेत आम्ही एवढेच विचारले, "परदेशी गेलेल्या साखरेला काय भाव आला?" उत्तराऐवजी चहा आला!

आमचे मागणे तीन ओळींचे आहे. आडसाली ऊस अठरा महिने शेतात उभा असतो. तेव्हा निर्यातीचे धोरण लागणीपूर्वी सांगा. ग्राहकासाठी दार लावाल, तर तोटा खजिन्यातून ऊसवाल्यास भरून द्या. आणि निर्यातीचा जमाखर्च सभेत वाचून दाखवा.

बांधवांनो, 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे न मिळाल्यास सालीना 15 टक्के व्याज तुमचे आहे. किती जणांनी ते मागितले? कायदा पुस्तकात झोपला आहे, कारण आपण सभेत झोपतो. येत्या सभेस पाटी-पेन्सिल घेऊन जा. चहा प्या, पण हिशेब घेतल्यावाचून उठू नका.