पाच रुपयांची पुडी आणि ‘चाचणी विपणन’

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. साबण ही कोणत्या प्रकारची वस्तू?

वाणिज्य शाखेचा कुठलाही विद्यार्थी झोपेतून उठवला तरी सांगेल, “सोयीची वस्तू, सर.” बरोबर. एक गुण. आता पुढचा प्रश्न. तोच साबण लॉन्ड्रीवाला महिन्याचा एकदम, पोत्याने भरतो तेव्हा? इथे वर्ग गप्प होतो. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणतं, “पण साबण तर तोच आहे ना?” साबण तोच, पण आता ती औद्योगिक वस्तू झाली, कारण ती धंद्यासाठी घेतली. वस्तूचा प्रकार वस्तूच्या अंगावर छापलेला नसतो. कोण घेतो आणि कशासाठी घेतो, त्यावर तो ठरतो.

हे आपण शिकवतो का? खरं सांगायचं तर नाही. आपण तक्ता शिकवतो. ग्राहकोपयोगी वस्तू आणि औद्योगिक वस्तू, मग ग्राहकोपयोगीच्या पोटात सोयीच्या, निवडून घ्यायच्या आणि विशेष वस्तू. प्रत्येकीपुढे दोन उदाहरणं. मीही कित्येक वर्षं असंच शिकवलं. फळ्यावर चौकटी आखल्या की वर्ग शांत राहतो, वह्या भरतात, आपलंही समाधान होतं.

हा तक्ता आला कुठून ते बघा. १९२३ साली मेल्विन कोपलँड या अमेरिकी प्राध्यापकाने ही विभागणी मांडली. त्याचा रोख गिऱ्हाइकाच्या वागण्यावर होता. गिऱ्हाईक एखाद्या वस्तूसाठी किती तसदी घेतं? मिठाचा पुडा आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतो, विचारही करत नाही. लग्नाची साडी घ्यायला चार दुकानं पालथी घालतो. आणि एखादी वस्तू अशी असते की ती हवी म्हणजे तीच हवी, मग त्यासाठी दुसऱ्या गावी जावं लागलं तरी चालेल. म्हणजे हा सगळा माणसांचा अभ्यास आहे. आपण त्यातली माणसं काढली आणि वस्तूंची यादी तेवढी ठेवली.

शाम्पूचं उदाहरण मला फार आवडतं. एकेकाळी शाम्पूची बाटली म्हणजे हातात पैसा असलेल्या घरातली चीज होती. बाकीच्यांकडे शिकेकाई, नाहीतर अंगाचाच साबण डोक्याला. १९८३ मध्ये तमिळनाडूत सी. के. रंगनाथन यांनी पंधरा हजार रुपयांवर ‘चिक’ शाम्पू सुरू केला. शाम्पू पाकिटातून विकायचा, हा विचार त्यांच्या वडिलांपासूनच घरात होता. पुढे हेच पाकीट पन्नास पैशांपर्यंत खाली आलं आणि खेड्यातल्या टपरीवर माळेसारखं लटकू लागलं. विचार करून घ्यायची वस्तू येताजाता घ्यायची झाली. आता ‘नवीन उत्पादन’ म्हणजे काय, याची व्याख्या विद्यार्थ्यांना विचारून बघा. पाकीट लहान केलं तर ते नवीन उत्पादन म्हणायचं की नाही, यावर तास रंगतो. माझा तर रंगलाच.

आता त्या पायऱ्यांकडे येतो. कल्पना सुचणे, छाननी, संकल्पनेची चाचणी, व्यावसायिक विश्लेषण, प्रत्यक्ष वस्तू घडवणे, चाचणी विपणन आणि शेवटी बाजारात आणणे. मुलं आद्याक्षरांची वाक्यं करून हे पाठ करतात. एकाखाली एक सात चौकटी आणि मध्ये खाली जाणारे बाण. या आकृतीवर माझा एकच आक्षेप आहे. तिच्यात मागे फिरणारा बाण नाही. प्रत्यक्षात गिऱ्हाईक ‘नको’ म्हणतं आणि मग तुम्ही मागे येता. खरं काम तिथून सुरू होतं.

यासाठी लक्ष्मणराव किर्लोस्करांइतकं चांगलं उदाहरण आपल्या मुलांना दुसरं कुठलं मिळणार? आणि ते आपल्यापैकीच, म्हणजे शिक्षक! मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये यंत्रांची चित्रं काढायला शिकवायचे. ती नोकरी सोडून बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. सायकल विकायची तर ती चालवायला शिकवावीही लागे, तेही केलं. मग कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर. नांगर मजबूत होता, कामाचा होता. पण शेतकरी घेईना. का? लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

इथे वर्गात थांबावं. घाई करू नये. मुलं हसतात, “काय अडाणी लोक!” म्हणतात. त्यांना विचारावं, तुझ्या आजोबांच्या एकुलत्या एक जमिनीवर कोणी नवीन रसायन फुकट टाकून देतो म्हणाला, तर ते लगेच हो म्हणतील का? जमीन हेच ज्याचं भांडवल आहे, त्याची भीती अडाणी नसते. ज्या वस्तूची गरजच अजून गिऱ्हाइकाला पटलेली नाही, तिच्यापुढे ‘औद्योगिक वस्तू’ एवढं लिहून काय कळलं? किर्लोस्करांनी नांगराचं काम सोडलं नाही. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली, ती मुळात कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठी. मराठी घराघरांत गेलेल्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचा जन्म असा विपणनातून झाला, हे ऐकून मराठीच्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या होत्या.

उलट बाजूचं उदाहरण नॅनोचं. भर पावसात एका स्कूटरवर चौघांचं कुटुंब जाताना पाहून रतन टाटांना ती कल्पना सुचली. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात गाडी दाखवली, २००९ मध्ये विक्रीला आली. किंमत एक लाखाच्या आसपास. प्रकल्प सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या, हे सगळं खरं. पण रतन टाटांनी स्वतः नंतर म्हटलं की ‘सगळ्यात स्वस्त गाडी’ अशी तिची ओळख झाली, ती चूक होती. २०१८ च्या सुमारास उत्पादन थांबलं.

आपल्याकडे गाडी घरी आली की आपण काय करतो? हार घालतो, नारळ फोडतो, शेजारी पेढे देतो. पेढा देताना “सगळ्यात स्वस्त मिळाली हो” असं कोणी म्हणतं का? पहिली गाडी ही मिरवायची वस्तू आहे. ती गरजेची म्हणून विकायला गेलं की असं होतं. इंजिनियरांनी अवघड काम करून दाखवलं होतं. चुकला तो वस्तूचा प्रकार, तोच आपला एका गुणाचा प्रश्न.

आता माझी चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आनंद बाजार भरला होता. अकरावीच्या एका मुलीने घरी केलेला ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा आणला. वीस रुपयांची पाकिटं, छान चिकटपट्टी लावलेली. पहिल्या सुट्टीत दोन खपली, त्यातलं एक बहुतेक तिच्या मैत्रिणीनेच घेतलं. दुसऱ्या सुट्टीआधी तिने सगळी पाकिटं फोडली, वहीच्या कोऱ्या कागदांच्या पुड्या केल्या आणि पाच रुपयाला एक लावली. वर लिंबू पिळून द्यायला लागली. पंधरा-वीस मिनिटांत सगळं संपलं. पण हिशोबाला बसली तेव्हा नफा जेमतेम. पाकिटं वाया गेली होती, लिंबाचे पैसे निघाले नव्हते.

परीक्षक मी होतो. पहिलं बक्षीस गेलं एका मुलाला, ज्याच्या वडिलांनी ओळखीच्या हॉटेलातून दोनशे वडापाव पाठवले होते. सगळ्यात जास्त नफा त्याचा. निकष तोच ठरलेला, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

सहामाहीच्या पेपरात मी ‘चाचणी विपणन म्हणजे काय?’ विचारलं. त्या मुलीने नोट्समधली व्याख्या लिहायला घेतली आणि दुसऱ्या ओळीत अडकली. चारपैकी एक गुण मिळाला. तो मीच दिला. पेपर तपासताना एकदम लक्षात आलं, हिने हे सगळं स्वतःच्या हाताने केलंय! किंमत चुकली हे पहिल्या सुट्टीत कळलं, मागे फिरली, वस्तूच बदलली. तिला हे सांगायला हवं होतं की तू केलंस त्यालाच हे नाव आहे. पेपर परत देताना सांगितलं. ती म्हणाली, “सर, मग तेच लिहिलं असतं तर चाललं असतं?” मला पटकन उत्तर देता आलं नाही.

गेल्या वर्षीपासून आम्ही बाजार दोनदा भरवतो, मध्ये आठ दिवसांचं अंतर ठेवून. पहिल्या दिवशी माल थोडाच आणायचा. गिऱ्हाईक का परत गेलं, हे वहीत त्याच्याच शब्दांत लिहायचं. दुसऱ्या वेळी काय बदललं ते दाखवायचं, बक्षीस त्यावर. नफाही मोजतो, पण घरच्यांनी दिलेल्या मालाची पूर्ण किंमत धरून. एका मुलाने वहीत लिहिलं होतं, “ताई म्हणाली, सरबत गोड आहे पण ग्लास कोणी आधी वापरला?” पुढच्या वेळी तो कागदी कप घेऊन आला आणि दर दोन रुपयांनी वाढवला. व्यावसायिक विश्लेषण शिकवताना ही वही मी वर्गात वाचून दाखवतो.

पालकांना माझी एक विनंती आहे. मुलांना बाजारासाठी तयार माल आणून देऊ नका. विकलं गेलं नाही म्हणून घरी मुसमुसत आलं, तर “जाऊ दे, उरलेलं आम्ही घेतो” असंही लगेच म्हणू नका. “काय म्हणाले लोक?” एवढंच विचारा. काही पालक म्हणतात, सर, याने बोर्डाचे गुण वाढतात का? वाढतीलच असं मी म्हणत नाही. पण उदाहरण द्यायची वेळ आली की साबण आणि टूथपेस्टच्या पुढे काहीतरी लिहायला असतं.

त्या मुलीने बारावीच्या सराव परीक्षेत चाचणी विपणनाचं उदाहरण म्हणून चिवडा लिहिला. तपासणारे आमचेच एक सहकारी होते. त्यांनी समासात लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी पेपर घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि ती दुसरी सुट्टी त्यांना सुरुवातीपासून सांगितली.