फेऱ्या नको, मीटर सांगा

अमरावती असो की अकोला, स्विमिंग टँकवर हा वाद होतोच: एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलं की एक लॅप, की परत आल्यावर? आम्ही याला नुसता शब्दांचा वाद मानत नाही. ‘दहा लॅप मारा’ म्हटलं, तर २५ मीटरच्या टँकमध्ये एकेरी मोजून २५० मीटर होतात. ५० मीटरच्या टँकमध्ये जाऊन-येऊन मोजले तर १०००. चौपट!

नर्सिंगमध्ये आम्ही शिकलो की औषध ‘थोडं’ देत नाहीत, मिलिग्रॅममध्ये देतात. व्यायामाचीही मात्रा असते. हृदयरोग्याला ही चौपट मात्रा जिवावर बेतू शकते. म्हणून बंधू-भगिनींनो, डॉक्टरांना आणि कोचला विचारा: किती मीटर? टँकची लांबी पाटीवर लिहायला लावा. आणि छातीत दुखलं, दम कोंडला, तर मोजणी सोडून आधी काठावर या.