प्रतिभेची प्रश्नावली

लेखक-कलावंत माहिती तंत्रज्ञान कसं वापरतात, यावर हल्ली प्रबंध लिहिले जातात. कळव्याला बहुतेक फास्ट गाड्या थांबत नाहीत. हे संशोधक मात्र हटकून उतरतात. मग चहा होतो आणि पिशवीतून प्रश्नावली निघते. 'संगणकामुळे आपली प्रतिभा वाढली की घटली?' आता काय सांगायचं? मिक्सर आल्यापासून आमच्या चटणीला कुणी असलं विचारलं नाही!

अभ्यासाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती प्रश्नाला. विचारायचंच असेल तर असं विचारा, 'काका, १९९५ साली संगणकावर लिहिलेली तुमची कथा आज उघडते का?'

नाही उघडत. त्या काळी जो तो फॉन्टवाला इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर आपल्या मर्जीने मराठी अक्षरं बसवी. पडद्यावर 'कमळ' दिसे, पण यंत्राच्या पोटात सगळी इंग्रजी बाराखडीच. तो फॉन्ट गेला की 'आईची आठवण' ही कथा लष्कराच्या गुप्त संदेशासारखी उघडते. प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं युनिकोड १९९१ साली आलं. पण घरच्या संगणकावर देवनागरी नीट बसू लागली ती विंडोज २००० पासून पुढे. त्यातही 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र जागा मिळायला २००८ उजाडलं. म्हणजे सतरा वर्षं मराठी माणसाची ॲसिडिटी पोटात होती, यादीत नव्हती. तोवर 'अ'च्या डोक्यावर चंद्र ठेवून भागवलं.

खारेगावच्या माझ्या एका स्नेह्यांचं अख्खं दोन अंकी नाटक फ्लॉपीत अडकलंय. छापील प्रत नाही. फ्लॉपी वाचणारं यंत्र मिळालं तर फॉन्ट मिळत नाही, आणि फॉन्टचा पत्ता लागावा तर यंत्र बिघडलेलं. ठाण्यातला दुकानदार म्हणाला, "काका, म्युझियममध्ये विचारा." गंमत म्हणजे त्यांच्या पणजोबांचे मोडीतले जमिनीचे कागद त्याच कपाटात आहेत. मोडी वाचणारे एक गृहस्थ आले, चष्मा पुसला आणि तासाभरात बांधावरच्या आंब्यासकट सगळं वाचून गेले. नाटकाचं पहिलं वाक्यसुद्धा अजून कुणाला लागलेलं नाही. नाटककार ऐंशीला टेकले आहेत. दुसऱ्या अंकातलं त्यांना थोडंफार आठवतं, पहिल्यातलं पुसट होत चाललंय.

आणि विद्यापीठं विचारतायत, पडद्यावर लिहिताना 'सर्जनशील अस्वस्थता' जाणवते का! जाणवते ना. त्या कपाटाकडे बघितलं की जाणवते.

तेव्हा संशोधकहो, कळव्याला जरूर या. फक्त पिशवीत प्रश्नावलीऐवजी चालू स्थितीतला फ्लॉपी ड्राइव्ह असू द्या. खारेगावपर्यंत मी सोबत येतो. चहा तिथेही मिळेल.