विश्लेषण: पनवेलमधला फ्लॅट एकदा सर्च केला, जाहिराती पाठच सोडेनात, मोबाइलमध्ये कोणता ब्राउझर ठेवावा?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी उड्डाणं सुरू झाली. पनवेल-उलवे पट्ट्यात घर शोधणाऱ्यांना मात्र वेगळीच गोष्ट ओळखीची आहे. एका फ्लॅटची किंमत पाहिली की बातमी वाचताना, अगदी रेसिपी शोधतानाही बिल्डरांच्या जाहिराती दिसू लागतात.

यामागे असतात ट्रॅकर. वेबपेजमध्ये दडलेला हा कोड तुम्ही काय पाहिलंत ते जाहिरात कंपन्यांना कळवतो. इन्कॉग्निटो मोडमध्ये जाहिराती थांबतात, हा गैरसमज आहे.

अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये अ‍ॅडब्लॉकर एक्स्टेन्शन टाकताच येत नाही. थर्ड पार्टी कुकीज हटवण्याची २०२० मधली घोषणाही गुगलने जुलै २०२४ मध्ये गुंडाळली. जाहिरातींवरच चालणाऱ्या कंपनीकडून वेगळी अपेक्षा तरी काय करणार?

फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाकता येतं. अँड्रॉइडवर सर्वात भक्कम पर्याय हाच. सेटिंगची कटकट नको असेल तर ब्रेव्ह, त्यात ब्लॉकिंग आधीपासूनच सुरू असतं. आयफोनवर सफारी आणि एखादा कंटेंट ब्लॉकर पुरेसा आहे.

पण ब्राउझर फक्त वेबसाइटपुरताच. इन्स्टाग्राम किंवा प्रॉपर्टी अ‍ॅपमधलं ट्रॅकिंग तो रोखत नाही. आणि ब्रोशरसाठी मोबाइल नंबर भरलात, तर फोन येणारच. डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमतीच्या मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत आहे.