अजून किती राहिलं?

परवा घरातल्या एका साखरपुड्यात माझ्या भाच्याने जाहीर केलं की येत्या जानेवारीत तो मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतर धावणार आहे. पहिलीच वेळ. झालं! जेवताना जो तो त्याला प्रेरणा द्यायला लागला. एका काकांनी मिल्खासिंग काढले (ते चारशे मीटरचे धावपटू होते, पण असो). दुसऱ्यांनी "मनात आणलं की माणसाला काय अशक्य आहे" सुनावलं. आमच्या वन्सं म्हणाल्या, "जिद्द हवी रे, जिद्द! मग पाय आपोआप चालतात." भाचा बिचारा जिलबी खात मान डोलावत होता.

मी गप्प बसले. एरवी मी गप्प बसणारी नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण ही सगळी वाक्यं मी स्वतः माझ्या लेकीला ऐकवली आहेत आणि त्याचं काय झालं तेही पाहिलं आहे. म्हणून आज लिहायला बसले. नातेवाईक मंडळींनी वाचावं आणि रागावू नये.

१५ जानेवारी २०२३ ला माझी धाकटी लेक पहिल्यांदा पूर्ण मॅरेथॉनला उतरली. वय त्रेचाळीस, बँकेत नोकरी, दोन मुलं. सहा महिने तिने सराव केला होता. आणि चौतिसाव्या किलोमीटरला, वरळी मागे टाकून हाजीअलीकडे येताना, तिने शर्यत सोडली. फुटपाथवर बसली, थोड्या वेळाने टॅक्सी केली आणि स्टेशन गाठलं. दुपारी घरी आली तेव्हा मी दार उघडलं. तिचा चेहरा मला दिसत होता. तरी मी काय म्हणाले असेन? "सोडायचंच होतं तर नाव कशाला दिलंस?"

ती काही बोलली नाही. संध्याकाळी बूट धुतले, वाळवले आणि पिशवीत घालून माळ्यावर टाकले.

शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवायची, आणि चिकाटीवर बोलायचं म्हटलं की माझी एक ठरलेली गोष्ट होती. १९६८ चं मेक्सिको ऑलिंपिक. टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी मॅरेथॉनमध्ये पडला, गुडघा जायबंदी झाला, खांदा आपटला, तरी पट्टी बांधून लंगडत लंगडत तो अंधार पडल्यावर स्टेडियममध्ये पोचला. पहिला आलेला मामो वोल्डे तासाभरापूर्वीच पोचला होता. अखवारी सगळ्यांत शेवटचा, ५७ वा. मुलं अगदी स्तब्ध होऊन ऐकायची. माझ्या लेकीनेही ती माझ्याकडूनच ऐकलेली, घरी आणि शाळेतही.

नंतर पाच-सहा महिन्यांनी एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आई, त्या दिवशी मला तुझा अखवारी आठवला गं. त्याच्या गुडघ्याला लागलं होतं, मला तर काहीच लागलं नव्हतं. मग वाटलं, मी किती फालतू आहे. आणि मी बसलेच."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. तीस वर्षं सांगितलेली गोष्ट, आणि माझ्याच मुलीला ती नको त्या वेळी पायात अडकली.

मग मी ती गोष्ट पुन्हा वाचली. त्या दिवशी मेक्सिकोत ७५ जण धावायला उतरले होते. पूर्ण केली ५७ जणांनी. म्हणजे जगातले निवडक धावपटू, आणि त्यातल्या अठरा जणांना ती पुरी करता आली नाही! मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या आसपास उंचीवर, हवा विरळ. त्या अठरा जणांबद्दल मी वर्गात कधी एक शब्द बोलले नव्हते. आपल्याकडचंच बघा ना. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भारताचे दोघे मॅरेथॉन धावले. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९ वे आले, आणि सदाशिव दातार यांना ती पूर्ण करता आली नाही. चौगुल्यांचं नाव निदान कुठेतरी निघतं. दातारांना जिद्द नव्हती असं म्हणायची कुणाची छाती आहे का?

(आणि मुळात ज्या ग्रीक दूतामुळे या शर्यतीला नाव पडलं, तो दंतकथेत निरोप सांगून तिथल्या तिथे प्राण सोडतो. आम्ही हीसुद्धा गोष्ट 'प्रेरणा' म्हणून सांगतो! कमाल आहे.)

लेकीबरोबर धावणाऱ्या एका डॉक्टर बाईंनी मला जे समजावून सांगितलं ते मला फार पटलं. आपलं शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात ठेवतं. धावत राहिलं तर बहुतेकांचा तो तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत संपत येतो. मग शरीर जास्त भार चरबीवर टाकतं, आणि चरबीतून ऊर्जा मिळते ती सावकाश. पाय शिशाचे होतात. याला धावणारे 'भिंत' म्हणतात. आणि मेंदूलाही साखरच लागते, त्यामुळे नेमकं तेव्हाच सगळं व्यर्थ वाटायला लागतं, रडू येतं, आपण नालायक आहोत अशी खात्री पटते. म्हणजे माझ्या लेकीला फुटपाथवर जे वाटलं त्यातला बराचसा भाग उपाशी मेंदूचा होता! त्यात पहिले दहा किलोमीटर मरीन ड्राइव्हच्या गर्दीबरोबर ती भलतीच जोरात धावली होती आणि वाटेत नुसतं पाणी पीत राहिली होती. खाल्लं काही नाही. आणि मी घरात बसून तिच्या स्वभावाची परीक्षा करत होते.

हे ऐकल्यावर मला एक मुलगा आठवला. आठवी ब. तिसऱ्या तासाला हमखास पेंगायचा. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, "चिकाटीचा अभाव." तो पहाटे चारपासून दुधाच्या पिशव्या टाकायचा आणि तसाच, काही न खाता शाळेत यायचा, हे मला वर्ष संपल्यावर कळलं. तो शेरा काही मी खोडला नाही. तेव्हा पुस्तकं परत गेली होती.

तर माझं मत असं झालं आहे की पहिली मॅरेथॉन पुरी करायला जी 'प्रेरणा' लागते म्हणतात, ती दुसऱ्याने भाषण करून देता येत नाही. भाषणाने माणूस नाव नोंदवतो. बत्तिसाव्या किलोमीटरला ते भाषण घामाबरोबर वाहून गेलेलं असतं. आणि लाज घालून तर कुणी धावू नये. लाज सुरुवातीला पळवते खरी, पण थकल्यावर तीच खाली ओढते.

ऑगस्टमध्ये तिने माळ्यावरचे बूट काढले. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. या खेपेला तिने सगळं शांतपणे केलं. रविवारी पहाटे साडेतीनला उठून उपवन, येऊरचा चढ, पुन्हा खाली. मी चहा करून द्यायची आणि पुन्हा आडवी व्हायची. नऊ मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं, तेही दमायच्या आधीपासून. ही पद्धत १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने लोकप्रिय केली म्हणे. आमच्याकडे एकाने लगेच विचारलं, "मध्ये चालायचं, मग ती मॅरेथॉन कसली?" विचारणारे गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जातात.

खिशात दर अर्ध्या तासासाठी खजूर नाहीतर चिक्कीचा तुकडा. बाटलीत मीठ-साखर-लिंबाचं पाणी. आणि मला एक काम दिलं. "आई, तू पेडर रोडच्या चढावर उभी राहा. मला शाबासकी नको, 'आलंच आता' म्हणू नकोस. किती राहिलं ते खरं सांग."

२१ जानेवारी २०२४. ती पहाटेच्या जादा लोकलने गेली. मी सावकाश दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले, चालत चालत जसलोकपर्यंत गेले आणि एका दुकानाच्या बंद शटरपाशी जागा धरली. बेचाळीस किलोमीटरवाले परतीच्या वाटेवर हा चढ चढतात, छत्तीसच्या आसपास, म्हणजे अंगातलं सगळं संपल्यावर. काय काय माणसं गेली माझ्यासमोरून! आसपासच्या इमारतींतली मंडळी संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, दुखऱ्या पायांवर मारायचे फवारे घेऊन उभी. फार छान वाटतं ते. पण जो तो ओरडत होता, "बस, आलंच! दोन मिनिटं!" सहा किलोमीटर म्हणजे दोन मिनिटं? एक पन्नाशीचे गृहस्थ थांबून अक्षरशः रडवेले होऊन म्हणाले, "अहो, हे मला माहीमपासून ऐकवतायत!"

दहा वाजून गेले, ऊन चटकायला लागलं. मग ती दिसली. चालत होती. गालांवर घामाचं मीठ वाळून पांढरं झालेलं. माझ्यापाशी आली, शटरला टेकली आणि म्हणाली, "आई, सोडू का?"

खरं सांगते, माझ्या तोंडावर अखवारी आला होता. गिळला. म्हटलं, "तुझं तू ठरव. ग्रँट रोड स्टेशन इथून वीस मिनिटं, मी आहे बरोबर. आणि शर्यत सहा राहिली."

"सहा की सव्वासहा?"

मी येताना पुढचा फलक बघून ठेवला होता. "सव्वासहा."

चिक्कीचा तुकडा तिने बराच वेळ चघळला. बाटलीतलं अर्धं पाणी प्यायली. चौपाटीपर्यंत उतार आहे ना, एवढं विचारलं. मी म्हटलं, केम्प्स कॉर्नरला उतार, पुढे मरीन ड्राइव्ह सपाट, पण सावली नाही. तिने बाटली माझ्या हातात दिली आणि निघाली. आधी चालत, मग त्या वळणावर पळायला लागलेली दिसली. मग दिसेना.

त्या दिवशी ती तिथेच थांबली असती तर? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलं आहे. तर आम्ही दोघी स्टेशनवर जाऊन इडली खाल्ली असती आणि मी काही म्हटलं नसतं. निदान मला तसं वाटतं. वर्षभरापूर्वीची मी वेगळं वागले होते, त्यामुळे खात्री कशी देऊ?

सहा तास चार मिनिटांनी तिने शर्यत पूर्ण केली. मी सीएसएमटीला पोचले तेव्हा ती गळ्यात पदक घालून फुटपाथवर बसली होती, मागच्या वर्षीसारखीच. फक्त हातात अर्धवट खाल्लेलं केळं होतं. मला बघून म्हणाली, "सव्वासहा नव्हतं हं. सहाच्या थोडं वर होतं."

परतीच्या लोकलमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मस्जिद येतंय न येतंय तोच! समोरच्या कोळीणबाईंनी पदकाकडे बघून विचारलं, "पोरगी पहिली आली का?" मी म्हटलं, "नाही हो, पोचली." त्यांनी आपली टोपली जरा बाजूला ओढून घेतली आणि तिला पाय लांब करायला जागा करून दिली.