पैसे भरलेत, म्हणून?



आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलानं आणि सूनबाईनं आम्हाला सिंगापूरला नेलं. उतरलो एका पंचतारांकित हॉटेलात. नातू आमच्याच खोलीत. सोलापूरच्या बाईला पंचतारांकित म्हणजे काय, तर नळाला चोवीस तास पाणी! आमच्याकडे उजनीचं पाणी येतं, तेही काही दिवसांआड. इथे टब, शॉवर आणि तीन माणसांना लहानमोठे नऊ टॉवेल.

टॉवेल दिसला की सोलापूरकराचा हात आधी पोत बघतो. आपल्या चादरीसारखंच आपल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. आमच्या घरी एक टॉवेल चार-पाच वर्षं अंग पुसतो, मग पायपुसणं होतो, शेवटी फरशी पुसतो. हॉटेलात बेसिनपाशी कार्ड होतं: पुन्हा वापरणार असाल तर टॉवेल दांडीवर टांगा, बदलून हवा असेल तर खाली टाका. मी टांगले. नातवानं सगळे खाली टाकले. बोलले तर म्हणाला, "आजी, पैसे भरलेत ना!"

मला पाठशाळेत शिकलेलं भोगोपभोग परिमाण व्रत आठवलं. एकदा वापरून संपतो तो भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसे कपडे, अंथरूण. श्रावकानं दोन्हींची मर्यादा ठरवायची. पुढे कॉमर्सला महसुली खर्च आणि भांडवली खर्च शिकताना मला हेच आठवून हसू यायचं.

माझं मत सांगते. अशी हॉटेलं उपभोगाचा भोग करून टाकतात. टॉवेल, चादर, स्लिपर, कंगवा, या टिकणाऱ्या वस्तू एका दिवसात संपल्यासारख्या वागवायच्या, आणि त्यालाच चैन म्हणायचं. हे चाललंय कुठे, तर सिंगापुरात! हा देश शेजारच्या जोहोरकडून पाणी विकत घेतो; त्याचा १९६२ चा करार २०६१ पर्यंत आहे. सांडपाणी शुद्ध करून 'न्यूवॉटर' नावानं २००३ पासून पुन्हा वापरतो. ज्या गावात पाण्याचा असा हिशोब ठेवतात, तिथे आम्ही पाहुणे एकदा वापरलेले टॉवेल धुवायला टाकत होतो.

पण मी तरी कुठे मोठी साध्वी? रोज साबण, शांपूच्या बाटल्या, चहाच्या पुड्या गुपचूप बॅगेत भरत होते. घरी बॅग उघडली आणि हे म्हणाले, "काय गं, हाच का तुझा अपरिग्रह?" मोजल्या तर चौदा बाटल्या! राग आला, पण बोलणं खरं होतं. नातू वापरून पैसे वसूल करत होता, मी साठवून. दोघांच्या मुळाशी लोभच.

कुणी म्हणेल, सहलीला गेल्यावर कसला हिशोब? मुलानं हौसेनं नेलं होतं, आणि आम्ही आनंदानं राहिलो. तिथे सूर्य बाराही महिने साधारण सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्ताआधीचं जेवणही सांभाळता आलं. मग जेवणाचा नियम प्रवासात पाळता येतो, तर वापराचा का नाही? चातुर्मासात आपण हिरव्या भाज्यांचे, गावाबाहेर न जाण्याचे नियम घेतो, आणि सुट्टीला निघालो की व्रतांनाही सुट्टी देतो. खरं तर घरी मोह कमी असतो. नियमाची गरज हॉटेलातच जास्त.

नातवाला मी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी खाली टाकलेले सगळे ओले टॉवेल त्याच्या हातात दिले आणि कोपऱ्यातल्या टोपलीपर्यंत न्यायला सांगितलं. "आजी, केवढे जड आहेत!" म्हणाला. म्हटलं, त्यातलं पाणी जड आहे बाळा. तिसऱ्या दिवशी त्याचा टॉवेल दांडीवर होता. एकच दिवस, पण होता.

आता मी ठरवलंय. खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा मोजायचं: माणशी एक टॉवेल, सगळ्यांत मिळून एक बाटली, ताटात घेऊ तेवढं संपवायचं, आणि बॅगेत काही भरायचं नाही. शेवटचा नियम माझ्यासाठी.

तुम्ही प्रवासात कोणता नियम पाळता, जरूर कळवा.